पीठवाल्यांच्या मंडळात धूरवाला

डॉक्टर उर्कियांचं नाव दॉन एउसेबिओंनी क्लबच्या कँटीनमध्ये पत्ते वाटता वाटता घेतलं. अशी नावं पत्ते वाटताना घेऊ नयेत. त्या दिवशी माझ्या हातात जी पानं आली होती ती माणसाच्या आयुष्यात दोन-तीनदाच येतात, आणि ती उताणी टेबलावर टाकून मी उभा राहिलो.

"कोण म्हणालात?"

"डॉक्टर उर्किया. दातांचे," दॉन एउसेबिओ आपली पानं लावत म्हणाले. ते आमच्या मोलिनो क्लबचे अध्यक्ष. "फुटबॉल चिटणीस म्हणून त्यांना घ्यावं म्हणतो. पुढच्या गुरुवारी सभेत ठराव आणू."

"अहो, पण तो माणूस धूरवाला आहे!"

कँटीनमधल्या सगळ्या माना वळल्या. कॉफी गाळणाऱ्या नेलिदाबाईंनी कॉफीचं मशीनसुद्धा बंद केलं, आणि ते त्या एरवी आग लागली तरी बंद करत नाहीत.

आमच्या गावाच्या मधोमध रेल्वेचे रूळ गेलेत. अलीकडे पिठाची गिरणी आणि आमचा मोलिनो, पलीकडे स्टेशन आणि त्यांचा एस्तासिओन. आम्ही पीठवाले, ते धूरवाले. आमचा शर्ट पांढरा, कारण पहिल्या संघातले खेळाडू गिरणीतली पाळी संपवून तसेच मैदानात उतरायचे. त्यांचा काळा, त्याचं कारण आम्ही कधी विचारलं नाही. परक्या माणसाला वाटतं, या गावात दोन क्लब आहेत. तसं नाही. गावात एक क्लब आहे, आणि रुळांपलीकडे एक अडचण आहे.

मी कुणाचा द्वेष करणारा माणूस नाही. पण ज्या सामन्यात स्टेशनमास्तरच्या कुत्र्याने मैदानात घुसून आमचा गोलात जाणारा चेंडू अडवला आणि पंचाने खेळ तसाच चालू ठेवला, तो सामना विसरायचा म्हटलं तरी मला विसरता येत नाही. तो कुत्रा पुढे बरीच वर्षं जगला. पलीकडच्या खाटकाकडे त्याला रोज फुकट हाड मिळत असे. त्या लोकांची पारख यावरूनच करावी.

तर डॉक्टर उर्किया. त्यांचा दवाखाना रुळांच्या अलीकडे, अगदी आमच्या मैदानाला लागून. पण घर पलीकडे, आणि वडील आगगाडीचे इंजिन ड्रायव्हर. मुलगा जन्मला त्याच दिवशी त्यांनी त्याला एस्तासिओनचा सभासद करून टाकलं. आमच्याकडे पद्धतच आहे तशी. बाळाची नाळ कापली की बाप टोपी घालून बाहेर पडतो तो थेट क्लबच्या कचेरीत. माझे वडील असेच मोलिनोत गेले, आणि तिथल्या मंडळींनी त्यांना इतका व्हर्मूथ पाजला की जन्मनोंदणीच्या कचेरीत ते दुसऱ्या दिवशी पोचले. त्यामुळे सरकारदरबारी मी माझ्या सभासदत्वापेक्षा एक दिवसाने लहान आहे. माझा क्रमांक दोनशे बारा. माझ्या वयाच्या माणसांत एवढा जुना क्रमांक दुसऱ्या कुणाचा नाही. मी चष्म्याचं दुकान चालवतो. मिरवावं असं माझ्याकडे दुसरं काही नाही. पण दोनशे बारा म्हटलं की मैदानाच्या दारावरचा माणूस टोपीला हात लावतो.

"अतिलिओ, खाली बस," दॉन एउसेबिओ म्हणाले. "जुने चिटणीस मुलीकडे मेन्दोसाला गेले, ते परत यायचं नाव घेत नाहीत. लीगने कळवलंय, पुढच्या शुक्रवारपर्यंत चिटणीस नेमा, नाहीतर यंदा स्पर्धेत मोलिनोचं नाव नाही. मी सगळ्यांना विचारून थकलो. बोल, तू होतोस?"

"मी? मला दुकान आहे."

"चिचो, तू?"

चिचोचं नळ-पाइपांचं दुकान माझ्या दुकानाला चिकटून आहे, आणि जगातल्या कुठल्याही गोष्टीवर त्याचा सल्ला तयार असतो. त्याला एकदम आपला गुडघा दुखत असल्याचं आठवलं. बाकीचे आपापल्या कपात बघायला लागले. क्लबसाठी जीव द्यायला त्या खोलीतला एकूण एक माणूस तयार होता. दर सोमवारी लीगच्या बैठकीला जायला मात्र कुणी नव्हता.

"डॉक्टरांनी हॉस्पिटलचं सहकारी मंडळ रांगेला लावलं," दॉन एउसेबिओ म्हणाले. "माणूस शिस्तीचा आहे, आणि स्वतःहून हो म्हणालाय."

"स्वतःहून!" मी ओरडलो. "धूरवाला स्वतःहून येतो, यातच सगळं आलं!" आणि मग, कसं झालं कोण जाणे, माझा हात कोटाच्या आतल्या खिशात गेला, कार्ड बाहेर आलं, आणि मी ते डोक्यावर धरलं. "धूरवाला आपल्या मंडळावर बसला, तर दोनशे बारा नंबरचं हे कार्ड मी परत करीन! माझ्या बापाने काढलेलं कार्ड!"

वाक्य फार चांगलं झालं होतं. टाळ्यासुद्धा पडल्या. टाळ्या थांबल्यावर चिचो म्हणाला, "ऐकलंत ना सगळ्यांनी? नंतर मी ऐकलं नाही म्हणायचं नाही."

शेजारी असावा तर असा.

घरी येऊन मी मिर्ताला सगळं सांगितलं. ती माते, म्हणजे आमच्याकडचा कडू पाल्याचा चहा, पीत होती. तिने नळीतून शांतपणे एक घोट ओढला आणि विचारलं, "आणि हातात पानं कुठली होती?"

मी पानं सांगितली.

"आणि ती तू टाकून दिलीस?" ती म्हणाली. बत्तीस वर्षांच्या संसारात तिने माझ्याकडे इतक्या निराशेने कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी मोहीम उघडली. मोहीम म्हणजे सुरुवातीला एवढंच होतं की दुकानावर एक कापडी फलक लावायचा. छोटंसं काम. मिर्ताच्या माहेरची एक चादर कपाटात नुसती पडून होती. ती नुसती पडून नसून जपून ठेवलेली होती, हे मला रंग वाळल्यावर कळलं. चिचोने सल्ला दिला की मजकूर थोडका आणि ताठ असावा. म्हणून मी हिरव्या रंगात, दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, एवढंच लिहिलं: "आम्ही विकाऊ नाही!"

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत तीन माणसं दुकान केवढ्याला द्यायचं ठरलंय ते विचारून गेली. मी फलकाकडे बोट दाखवलं.

"वाचलं की," त्यातला एक म्हणाला. "ज्या अर्थी तुम्ही विकाऊ नाही असं लिहिलंय, त्या अर्थी बोलणी चालू आहेत. उगाच कोण लिहील?"

संध्याकाळी माझ्या मेहुण्याचा रोसारिओहून फोन आला, धंदा बसला हे मला का नाही सांगितलंस म्हणून. दुसऱ्या दिवशी ज्या म्हातारीचा चष्मा महिनाभर माझ्याकडे तयार पडून होता, ती दुकान बंद व्हायच्या आत न्यावा म्हणून धावत आली. माझ्या मोहिमेचा तेवढा एकच फायदा मी नोंदवू शकतो.

तिसऱ्या दिवशी नगरपालिकेचा माणूस आला. दर्शनी भिंतीवर कापड लावायचं तर परवाना लागतो म्हणाला. मी नगरपालिकेत गेलो. तिथल्या बाईंनी विचारलं, फलक जाहिरातीचा की शोकाचा? मी म्हटलं, तत्त्वाचा. तत्त्वासाठी त्यांच्याकडे खिडकी नव्हती. शोकासाठी होती, आणि तिथे रांग लहान होती. पण तिथे मयताचं नाव विचारतात. मी थोडा वेळ डॉक्टर उर्कियांच्या नावाचा विचार केला, खोटं कशाला सांगू. शेवटी घरी येऊन फलक उतरवला. तो धुऊन द्यावा असं मिर्ताचं मत पडलं. हिरवा रंग गेला नाही. त्या चादरीवर अजूनही आम्ही विकाऊ नाही, आणि आम्ही तिच्यावरच झोपतो.

मात्र एवढ्या दिवसांत माझ्या बाजूला माणसं जमली होती, हे कबूल करायला हवं. रोज संध्याकाळी कँटीनमध्ये वाद रंगायचा. कुणी म्हणे, धूरवाला आमची खेळाची आखणी पलीकडे नेऊन सांगेल. त्यावर दॉन एउसेबिओ म्हणत, आपल्याकडे आखणी असती तर आपल्यालाच नसती का सांगितली कुणी? कुणी म्हणे, दात काढणारा माणूस दगडाच्या काळजाचा असतो, चिटणिसाला तसंच काळीज लागतं. मी मात्र आतून एक डाव रचत होतो, आणि तो डाव मला इतका आवडला होता की रात्री झोपेतून उठून मी तो मिर्ताला पुन्हा सांगत असे.

डाव कळायला आमची सभा कळायला हवी. क्लबच्या घटनेत लिहिलंय की सर्वसाधारण सभा आठ वाजता, निम्मे सभासद हजर असतील तर. नसतील तर सभा तहकूब होऊन साडेआठला, आणि मग जेवढे हजर असतील तेवढ्यांवर भागवायचं. क्लब स्थापन झाल्यापासून आठची सभा एकदाही झालेली नाही. आठ वाजता कुणी येतच नाही. नोटिशीतला आठचा आकडा वाचताना आमचे डोळे आपोआप साडेआठ वाचतात. माझा डाव असा: आपल्या बाजूच्या सगळ्यांनी खरोखरच आठला यायचं, घरच्या सभासदांना गोळा करून आणायचं, निम्मे भरायचे, आणि दॉन एउसेबिओंचे लोक कोट घालेपर्यंत ठराव फेटाळून मोकळं व्हायचं.

"आठ म्हणजे आठ," मी प्रत्येकाला बजावलं.

"आठ म्हणजे आठ," प्रत्येकजण म्हणाला.

गुरुवारी संध्याकाळी पाचला आमच्या बाजूची शेवटची बैठक झाली. नेलिदाबाईंनी गरम एम्पानादांची, म्हणजे खाऱ्या करंज्यांची, परात आणली. मी खुर्चीवर चढलो, एका हातात एम्पानादा. "मित्रहो," मी म्हटलं, "माझ्या तोंडात दात आहेत तोवर..." आणि जोर यावा म्हणून मध्येच एक घास घेतला. नेलिदाबाई सारणात ऑलिव्ह बीसकट घालतात. बी काढल्याने चव जाते असं त्यांचं म्हणणं आहे. कडकन आवाज झाला तो मागच्या बाकापर्यंत ऐकू गेला.

दाढ धरून मी खुर्चीवरून उतरलो.

गावात दुसरे दातांचे डॉक्टर आहेत. ते समुद्रावर गेले होते. चिचोने तीन सल्ले दिले: लवंग धरायची, दाराच्या कडीला दोरा बांधायचा, किंवा मनावर घ्यायचं नाही. मिर्ताने सल्ला न देता मला गाडीत घातलं, आणि सहा वाजता मी डॉक्टर उर्कियांच्या खुर्चीत आडवा होतो, तोंड उघडं, वर दिवा.

माणसाचा मानभंग अनेक प्रकारे होतो, पण ज्याच्याविरुद्ध आठवडाभर गाव पेटवलं त्याच्यासमोर आ करून पडण्यासारखा दुसरा नाही. मी वाट बघत होतो की आता हा बोलेल. टोमणा मारेल, बाजू मांडेल. मला तर हं आणि अं याशिवाय काही म्हणता येणार नव्हतं. पण तो माणूस क्लबबद्दल अवाक्षर बोलला नाही. "दाढ वाचेल," एवढंच म्हणाला, सुई टोचली, आणि कामाला लागला. मध्ये एकदा मात्र हात थांबवून तो खिडकीबाहेर बघायला लागला. खाली आमच्या मैदानावर पोरांचा सराव चालला होता. डॉक्टरांनी एक खोल उसासा सोडला, मान हलवली, आणि पुन्हा माझ्या दाढेकडे वळले. तो उसासा माझ्या दाढेसाठी नव्हता एवढं मला कळलं.

"दोन-तीन तास तोंड बधिर राहील," शेवटी ते म्हणाले. "फार बोलू नका. बरंय, आठला भेटूच."

फार बोलू नका! सभेच्या दिवशी! माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण चेहऱ्याच्या निम्म्या भागाला तो झाल्याचं कळलंसुद्धा नाही.

आठ वाजता मी सभागृहाचं दार ढकललं. आत एकच माणूस होता. डॉक्टर उर्किया, हातात टोपी धरून, भिंतीवरच्या घड्याळाखाली उभे. नोटिशीत आठ लिहिलं होतं आणि ते आठला आले होते. बिचाऱ्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आणि माझी माणसं? त्यांनी 'आठ म्हणजे आठ' हे मनापासून ऐकलं होतं, आणि आमच्याकडे आठ म्हणजे साडेआठच.

मिर्ता बाहेर गाडी लावत होती. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. मी जाऊ शकत नव्हतो, कारण जाणं म्हणजे पळ काढणं झालं असतं. बोलू शकत नव्हतो ते त्यांच्याच कृपेने.

"कुणीच कसं नाही?" डॉक्टर म्हणाले. "तोवर खुर्च्या तरी मांडतो."

त्यांनी भिंतीकडच्या चळतीतून खुर्च्या काढल्या आणि व्यासपीठाकडे तोंड करून एक रांग लावली. मला बघवेना. आमच्या सभागृहात खुर्च्यांचं तोंड व्यासपीठाकडे नसतं, करंडकांच्या कपाटाकडे असतं. व्यासपीठावरची माणसं दर दोन वर्षांनी बदलतात. मी गेलो आणि पहिली खुर्ची फिरवली. दुसरी फिरवली. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, मग कपाटाकडे. तिसरी खुर्ची त्यांनी स्वतः फिरवली. मग ते काढून द्यायला लागले आणि मी लावायला. मध्येच ते कपाटापाशी गेले, खिशातून रुमाल काढला आणि काचेवरचा एक डाग पुसला. असं कुणी सांगितलं होतं त्यांना? दुसऱ्याच्या देव्हाऱ्यासमोर माणूस कसा उभा राहतो, तसे ते उभे होते. मला त्यांचा राग यायला हवा होता. मी खूप प्रयत्न केला.

साडेआठला दार उघडलं आणि सगळं गाव आत आलं. आमच्या दोघांच्या हातात एकाच बाकाची दोन टोकं होती.

"अरे, हा तर फुटला!" चिचो ओरडला.

मी खुलासा करायला तोंड उघडलं. जो आवाज निघाला तो खुलाशासारखा नव्हता. बाक खाली ठेवावा हे सुचेपर्यंत आम्ही तो दोघांनी मिळून व्यासपीठापर्यंत नेला होता.

सभा सुरू झाली. मी गप्प, त्यामुळे विरोधी बाजूचं नेतृत्व चिचोकडे गेलं, आणि नेतृत्व मिळताच त्याचा गुडघा बरा झाला. तो उठून म्हणाला, "डॉक्टर, सरळ उत्तर द्या. तुम्हाला आमच्यात यायचंय कशाला?"

डॉक्टर उभे राहिले. "अकरा वर्षं माझ्या खिडकीतून तुमचं मैदान दिसतंय," ते म्हणाले. "अकरा वर्षं तुमचा डावा बचावपटू चुकीच्या जागी उभा राहतोय. माणसं बदलली, जागा बदलली नाही. मी दाढा कोरतो आणि बघतो. आता सहन होत नाही."

सभागृहात कुजबुज झाली. खरं सांगायचं तर आम्हा सगळ्यांना त्या डाव्या बाजूचं दुखणं माहीत होतं. पण घरातलं दुखणं शेजाऱ्याने बोलून दाखवलं की वेगळं लागतं.

"आणि आपला-त्यांचा सामना असेल त्या दिवशी?"

"त्या दिवशी मी घरी बसतो. आजवर बसत आलोय."

"ते काही नाही!" चिचो आता रंगात आला होता. "एस्तासिओनचं कार्ड आहे ना खिशात? ते इथं आमच्यासमोर फाडा. मग आमचं मतही तुम्हाला!"

"फाडा! फाडा!" सभागृह एका आवाजात गर्जायला लागलं. दॉन एउसेबिओसुद्धा आशेने बघायला लागले. सोपा मार्ग निघाला होता. एक कागद फाडायचा, आणि शुक्रवारी लीगला नाव जाणार, यंदा मोलिनो मैदानात उतरणार.

डॉक्टरांनी कोटाच्या आतल्या खिशातून कार्ड काढलं. नेमक्या त्याच खिशातून, जिथे मी माझं ठेवतो. काळं, कोपरे झिजलेलं. त्यांनी ते बघितलं, आणि परत खिशात ठेवलं.

"हे नाही जमायचं," ते म्हणाले. "हे मी काढलेलं नाही. वडिलांनी काढलंय. त्यांना आता नीट दिसत नाही, पण दर महिन्याला काठी टेकत जाऊन माझी वर्गणी तेच भरतात. मला भरू देत नाहीत. हे कार्ड फाडलं तर त्यांना काय सांगू?" त्यांनी टोपी उचलली. "तुम्हाला मी नको असेन तर राग नाही. त्या डाव्या बचावपटूला तेवढं दोन पावलं पुढे उभं करा."

आणि ते दाराकडे चालायला लागले.

लोक टाळ्या वाजवायला लागले. चिचो तर खुर्चीवर चढला. आम्ही जिंकलो होतो. आणि मला एकदम माझे वडील दिसले, व्हर्मूथ पिऊन, टोपी तिरकी, हातात माझं कार्ड. आठवडाभर मी ते कार्ड डोक्यावर नाचवत होतो, देऊन टाकीन म्हणून धमक्या देत होतो. आणि हा माणूस, आख्खं सभागृह ओरडत असताना, ते खिशात परत ठेवत होता. मला त्याचा अभिमान वाटला. धूरवाल्याचा अभिमान वाटणं हे कुठल्याही दाढेपेक्षा जास्त दुखतं.

"थांबा!" मी ओरडलो. तोंडाची उजवी बाजू जागी झाली होती, तेवढ्यावर मी भागवलं. "डॉक्टर, थांबा. आणि चिचो, खाली उतर, खुर्ची क्लबची आहे."

सभागृह वळलं.

"त्यांनी कार्ड फाडलं असतं ना," मी म्हणालो, "तर मी पहिला विरोधात हात वर केला असता. जो आपल्या खुर्चीसाठी बापाचा क्लब सोडतो, तो उद्या दुसऱ्या खुर्चीसाठी आपला सोडेल. असा माणूस आपल्याला काय करायचाय? आपल्यापैकी कोण फाडेल? हात वर करा, कोण फाडेल?"

एकही हात वर झाला नाही.

"मग हाच माणूस हवा. धूरवाला असला तरी. धूरवाला आहे आणि लपवत नाही, म्हणूनच हवा."

शेवटी माझ्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून थोडी लाळ गळाली, पण वक्तृत्वाच्या भरात ती खपून गेली. दॉन एउसेबिओंनी घाईघाईने ठराव मताला टाकला. हात वर झाले, एकामागून एक. चिचोचासुद्धा झाला, सगळ्यांत उशिरा आणि सगळ्यांत उंच. विरोधात एकच हात होता.

मिर्ताचा.

"आठवडाभर तूच तर पढवलंस," ती म्हणाली. "मी दर तासाला मत बदलत नाही."

लोक डॉक्टरांभोवती जमले, पाठी थोपटायला लागले. मी व्यासपीठापाशी गेलो. मला कुणी काही म्हणालं नव्हतं. म्हणणारही नव्हतं, चिचो तर नजर चुकवत होता. पण मोलिनोच्या कँटीनमध्ये उभं राहून मोलिनोचा माणूस एक शब्द बोलला होता, आणि पीठवाल्याचा शब्द सोयीप्रमाणे बदलतो असं उद्या कुणी धूरवाला म्हणाला असता तर? मी कोटाच्या आतल्या खिशातून कार्ड काढलं आणि दॉन एउसेबिओंसमोर ठेवलं.

"हे काय, अतिलिओ? ठेव ते खिशात." त्यांनी ते माझ्याकडे सरकवलं.

"शब्द दिलाय." मी परत सरकवलं.

"रागाच्या भरात दिलास."

"शब्दच आहे तो."

असं ते टेबलावरून चार-पाच वेळा आलं आणि गेलं. "अतिलिओ, वेडेपणा करू नको रे," चिचो मागून म्हणाला, आणि त्याचा आवाज रडवेला होता. "मी ऐकलंच नव्हतं! काय म्हणाला होतास तू? मला तर आठवतसुद्धा नाही!"

पण मी टोपी घातली. दॉन एउसेबिओंनी कार्ड उचललं, पुसलं, आणि आपल्या खिशात ठेवलं. बाहेर पडताना दारावरच्या माणसाने सवयीने टोपीला हात लावला, आणि मी खाली बघितलं. माझा खिसा रिकामा होता, आणि ते चालताना कळत होतं. इतकं हलकं मी त्याआधी कधीच चाललो नव्हतो, आणि देव करो, पुन्हा चालावं लागू नये.

घराजवळ आल्यावर मिर्ताने माझा दंड धरला. "चांगलं बोललास," ती म्हणाली. "माझं मत विरोधात होतं, पण चांगलं बोललास."

शुक्रवारी सकाळी कचेरीची खिडकी उघडायच्या आत मी तिथे होतो. चिचो माझ्याही आधी येऊन बसला होता, हातात पेन. नव्या सभासदाला दोन आधीच्या सभासदांच्या सह्या लागतात, आणि पहिली सही दुसऱ्या कुणी केली तर तो त्याच्याशी जन्मात बोलणार नव्हता. दुसरी सही डॉक्टर उर्कियांनी केली. ते आदल्या रात्री सभा संपताच मोलिनोचे सभासद झाले होते, चिटणिसाला व्हावंच लागतं. माणसाने दोन क्लबांची कार्डं ठेवू नयेत असं आमच्या घटनेत कुठेही नाही. असा माणूस कधी जन्माला येईल हे घटना लिहिणाऱ्यांच्या स्वप्नातही आलं नसावं. त्यांना चार हजार तीनशे सतरा क्रमांक मिळाला होता. म्हणजे मला अठरा. माझ्याच क्लबात एक धूरवाला मला एका क्रमांकाने वडील आहे, आणि गंमत म्हणूनसुद्धा तो ते कधी बोलून दाखवत नाही, याचाच मला जास्त त्रास होतो.

सकाळी कचेरी नेलिदाबाईच सांभाळतात. त्यांनी चष्मा लावला. माझ्याच दुकानातला. नियमाप्रमाणे एक प्रश्न मोठ्याने विचारावा लागतो. तो प्रश्न त्या आयुष्यभर तान्ह्या पोरांना विचारत आल्यात, आणि उत्तर त्यांचे बाप देत आलेत.

"अतिलिओ बोनेत्ती," त्या म्हणाल्या, "मोलिनोचे सभासद व्हायची तुमची इच्छा आहे का?"

पहिल्या वेळी मला कुणी विचारलं नव्हतं. मी काही तासांचा होतो, आणि वडील माझ्या वतीने हो म्हणाले होते.

"आहे," मी म्हणालो.